नाइलाजाने दिलेलं बाळ

त्या वर्षी नाताळ तोंडावर आला तेव्हा माझी एकुलती एक लेक करुणा रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर बेशुद्ध होती आणि दिवस भरायच्या आधीच जन्मलेली तिची मुलगी तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत होती. मी मधल्या जिन्यात. वर गेले की खालचा जीव डोळ्यांपुढे यायचा आणि खाली आले की वरचा. करुणाचा रक्तदाब एकाएकी वाढला, झटके आले आणि डॉक्टरांनी घाईघाईने शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढलं. जावई आखातात नोकरीला. निघतो म्हणाला होता, पण रजा हातात पडेपर्यंत त्याचा जीव तिथे टांगलेला आणि माझा इथे. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे दोन जिवांच्या राखणीला मी एकटी, आणि माझी राखण कुणी करतंय की नाही याची मला त्या दिवसांत खात्री वाटत नव्हती. हे लिहायला जड जातं. आमची ही चौथी पिढी ख्रिस्ती. रविवारची उपासना मी सहसा चुकवत नाही. तरी त्या जिन्यात उभी राहून मी जी प्रार्थना करायचे, ती प्रार्थना कमी आणि उलटतपासणी जास्त असायची.

माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. सातपूरच्या एका कारखान्यात, निवृत्त होईपर्यंत, मी गेटवर बायकांची झडती घेण्याचं काम केलं. पाळी सुटली की रांग लागायची. डबा उघडून बघायचा, पिशवी उलटी करायची, अंबाड्यावरून हात फिरवायचा. अंबाड्यातून निघालेले पितळेचे सुटे भाग मी पाहिले आहेत आणि भाकरीच्या घडीतून निघालेलेही. जी बाई गेटवर फार गोड बोलते तिच्याकडे हमखास काहीतरी असतं, हे माझं ठरलेलं गणित होतं आणि ते क्वचितच चुकायचं. असं काम वर्षानुवर्षं केलं की नजर घरी येतानाही गेटवर राहत नाही, सोबत येते. भाजीवालीचा काटा, दूधवाल्याचं माप, नवीन शेजारणीची विचारपूस, सगळ्यांतून मला काहीतरी लपवलेलं दिसायचं. करुणा चिडवायची, ‘आई, तू स्वर्गात गेलीस की तिथे दारावर बसणाऱ्या संत पेत्राच्या शेजारी तुला एक खुर्ची टाकून देतील, बायकांच्या रांगेसाठी.’

रुग्णालयात बाळांच्या विभागाबाहेर एक लांब बाकडं होतं. निफाड, दिंडोरी, पेठ, कुठून कुठून आलेल्या आज्या आणि आत्या तिथे बसलेल्या असायच्या. आम्ही कोण, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. आमचं आडनाव मराठमोळं, हातात बांगड्या. कपाळ मोकळं दिसलं की नवरा नसेल असं लोक धरून चालतात आणि त्यात काही खोटंही नव्हतं. चर्चला जाणारे म्हटल्यावर समोरच्याच्या बोलण्याचा सूर कसा बदलतो, हे मी पाहिलेलं आहे. कुणी जरा जास्तच अदबीने बोलतं, कुणी जरा सरकून बसतं. लेकीचा जीव असा पणाला लागलेला असताना मला दोन्ही नको होतं.

त्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसायच्या भागाबाई. निफाडच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, माझ्याच वयाच्या, लुगडं नेसणाऱ्या. घरची द्राक्षबाग. त्यांच्या सुनेचा मुलगाही लवकर जन्मला होता आणि आमच्या बाळाच्या शेजारच्याच पेटीत होता. भागाबाई गोड बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या लेकीची चौकशी केली, दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खालून चहा आणला, आणि माझ्या डोक्यातलं जुनं गणित लगेच कामाला लागलं. या बाईला काय हवं असेल? मी चहा घेतला, पण माझी पिशवी मांडीवरच ठेवली.

काही दिवसांनी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, आता हिला पेटीपेक्षा माणसाच्या छातीची ऊब जास्त मानवेल. आई बेशुद्ध आहे, तर आजीने घ्यायचं. तिथल्या सिस्टर त्याला कांगारू म्हणायच्या. हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगात पुढून उघडणारा झगा घालायचा, बाळाला उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून कापड गुंडाळून बांधून घ्यायचं. मी मोठ्या हौसेने दुकानातून नवीकोरी दुपटी आणली होती, इस्त्री करून. सिस्टरने ती हाताने चुरगळून पाहिली आणि परत दिली. म्हणाली, आजी, हे टोचेल तिला, घरातलं जुनं सुती लुगडं, साडी, धोतर, काहीही आणा, धुऊन मऊ झालेलं. आता आमच्या घरात जुनं सुती काही शिल्लकच नाही. होतं ते सगळं मी बोहारणीला देऊन पातेली घेतलेली. शेवटी रुग्णालयाच्याच एका कापडात बाळाला माझ्या छातीशी बांधलं.

मेथीच्या जुडीएवढी होती ती. तिचा गाल माझ्या गळ्याखाली टेकला आणि मला श्वास घ्यायची भीती वाटायला लागली. सिस्टरने शिकवलं, ही बाळं कधीकधी श्वास घ्यायचाच विसरतात. तिच्याकडे बघत राहायचं. छाती हलायची थांबली, ओठ काळे पडायला लागले, तर तळपायाला बोटाने टिचकी मारायची, पाठ चोळायची आणि मला हाक मारायची. घाबरून रडत बसायचं नाही. मी सगळं नीट ऐकून घेतलं. नजर ठेवण्याचं काम मला नवीन नव्हतं.

आणि अशात मला खोकला झाला. डिसेंबरातली नाशिकची थंडी आणि त्यात जिन्यातलं उभं राहणं. सिस्टर दारात रोज विचारायची, ताप, सर्दी, खोकला काही आहे का? मी नाही म्हणायचे. दाढेखाली लवंग धरायची, आत जायच्या आधी जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन मनसोक्त खोकून घ्यायचं आणि मग तोंड मिटून आत. माझ्याशिवाय तिला धरणारं कुणी नाही, एवढंच मला दिसत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांनी काय लपवून आणलंय ते शोधलं आणि आता मीच छातीत खोकला लपवून दारातून आत जात होते. त्या वेळी हे मला अजिबात विचित्र वाटलं नाही.

दोन-तीनदा असं निभावलं. मग एका सकाळी मी दारात पोचले तर सिस्टर हात आडवा करून उभी. ‘आजी, तुम्ही खोकताय. कालपासून खोकताय.’ मी बघितलं तर बाकड्यावर भागाबाई खाली मान घालून बसलेल्या. माझ्या ध्यानात आलं. जिन्याच्या कोपऱ्यातला माझा खोकला त्यांनीच ऐकला होता आणि त्यांनीच जाऊन सांगितलं होतं. सिस्टरने मला रागावून नाही, समजावूनच सांगितलं की या बाळांना साधी सर्दीसुद्धा झेपत नाही, खोकला पूर्ण जाईपर्यंत मला आत येता येणार नाही. मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि भागाबाईंकडे बघितलंही नाही. माझ्या गणिताचं उत्तर मला मिळालं होतं.

दुपारी त्याच माझ्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, ‘ताई, मला ताप नाय, खोकला नाय. आमच्या नातवाला आता सून धरतीय. मी नुसतीच बसून हाय. तुमच्या पोरीला मी घेऊ का?’

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आधी मला बाहेर काढायचं आणि मग माझी जागा घ्यायची! कारखान्याच्या गेटवर असं कुणी केलं असतं तर मी एका मिनिटात ओळखलं असतं. पण कशासाठी? एका अडलेल्या म्हातारीकडून यांना काय मिळणार होतं? पैसा? पोरगी पळवणार? काही नवस, काही उतारा? मी सगळं चाचपून पाहिलं आणि काहीच हाताला लागलं नाही, त्यामुळे संशय आणखीच वाढला. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘अंगातली ऊब हाय ती. इकत आणायला लागत नाय.’

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की पेटीत परत ठेवल्यापासून बाळाचा श्वास जास्त वेळा अडखळतोय, वजनही उतरलंय. मी भागाबाईंचं नाव घेतलं नाही, सिस्टरनेच घेतलं. डॉक्टर म्हणाले, नेहमी आम्ही घरच्यांनाच देतो, पण या बाईंची तपासणी झालेली आहे, नातवाला त्यांनी व्यवस्थित धरलंय. तुमची हरकत नसेल तरच. मी खाली करुणाकडे गेले. तिच्या अंगाला नळ्या लावलेल्या, पापणी हलत नव्हती. तिला विचारायला गेले होते की काय, कुणास ठाऊक. तिच्या पायावर हात ठेवून उभी राहिले. मला वरून काही आवाज आला नाही, कसली खूण दिसली नाही. सगळे रस्ते बंद झाले होते आणि एक उघडा होता, तोही माझ्या मनाविरुद्ध. मी वर जाऊन हो म्हटलं. देवावर भार टाकून वगैरे नाही. निव्वळ नाइलाजाने.

दुसरा दिवस म्हणजे नाताळचा आदला दिवस. भागाबाई आत जायला निघाल्या तेव्हा मी त्यांना जिन्याच्या कोपऱ्यात थांबवलं. म्हटलं, तुमची पिशवी बघू. मला स्वतःला ऐकून ओशाळल्यासारखं झालं, पण हात पुढे झालाच होता. वाटलं, आता ही बाई उसळेल, चार शब्द सुनावेल आणि सगळंच मोडेल. भागाबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात आडवे पसरून उभ्या राहिल्या. त्या कधी कारखान्याच्या गेटवरून गेल्या नसतील, तरी अगदी तिथल्या बायकांसारख्याच. म्हणाल्या, ‘बघा. तुमचं लेकरू हाय. मीबी बघितलं असतं.’

पिशवीत मिश्रीची डबी होती, फडक्यात बाजरीची भाकरी, जुन्या लुगड्याचे धुऊन घडी केलेले दोन तुकडे, आणि तळाशी कागदाची एक पुडी. पुडीत अंगारा आणि काळा दोरा. हे असणार, हेच असणार. मी पुडी त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, हे कुणासाठी?

‘आमच्या नातवाला बांधलाय. उरला तो,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या पोरीला नाय बांधणार. तुम्ही चर्चवाले ना? तुम्हाला चालायचा नाय.’

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांना हसू आलं. ‘चहा प्यायच्या आधी डोळे मिटता तुम्ही. रोज. पहिल्या दिवसापासून बघतीय.’ मी एवढं सगळं लपवलं आणि जेवणाआधी, चहाआधी डोळे मिटून आभार मानायची लहानपणची सवय मात्र माझ्या लक्षातच आली नव्हती. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, जसं एखादी बाई दुसरीला लोणच्याचं प्रमाण विचारते, ‘तुमच्यात काय बांधतात?’

मी म्हटलं, आमच्यात काही बांधत नाहीत.

‘मग कुणाच्या भरवशावर ठेवता?’

याचं उत्तर मला पाठ आहे. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना मी ते शिकवलेलं आहे. पण त्या कोपऱ्यात, त्यांची पिशवी हातात धरून उभी असताना, ते तोंडातून निघालं नाही. मी पिशवी परत दिली. त्या हात धुवायला आत गेल्या आणि जाताना लुगड्याचे ते दोन तुकडे सिस्टरकडे देऊन गेल्या, निर्जंतुक करून घे म्हणून. एक नातवाला आणि एक आमच्या बाळाला. आमच्याकडे तान्ह्या बाळाला पहिलं बाळंतं दुसऱ्याच्या घरचं गुंडाळतात, जुनं, मऊ, मागून आणलेलं. ही रीत त्यांच्यात आहे आणि आमच्यातही आहे. चार पिढ्यांपूर्वी आम्ही बरंच काही सोडलं, पण बाळंती मागायचं कुणी सोडलं नव्हतं. मी मात्र कुणाकडे मागायला गेले नव्हते. मागितलं की देणाऱ्याचं काहीतरी आपल्या घरात येतं, अशी माझी समजूत.

नाताळच्या सकाळी मी उपासनेला गेले नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघीजणी करंज्यांचा आणि केकचा डबा घेऊन आल्या, माझ्यासोबत प्रार्थना करून घाईने चर्चला गेल्या. मी काचेबाहेर उभी राहिले. आत खुर्चीत भागाबाई बसलेल्या, झग्याच्या आत बाळ, वरून हिरवट लुगड्याचा तुकडा घट्ट बांधलेला. बाळाचं फक्त डोकं दिसत होतं. या वेळी चर्चमध्ये शुभवर्तमानातला येशूच्या जन्माचा तो भाग वाचत असतील, हे मला न बघताही कळत होतं. उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा नाही, गव्हाणीत ठेवलेलं बाळ आणि रानातून आलेले मेंढपाळ. खूण म्हणून देवदूताने त्यांना काय सांगितलं होतं, तर बाळंत्यात गुंडाळलेलं एक बालक. मुकुट नाही, सिंहासन नाही. कुणाच्याही घरात असतं तसं बाळंतं.

मला त्या मेंढपाळांचं काही केल्या पटेना. मरिया पहिलटकरीण, परक्या गावात, अंगावरचं रक्त वाळलेलं नाही, आणि ओळख ना पाळख असले रानातले गडी थेट आत येऊन बाळाला बघतात. ही बाई त्यांना येऊ कशी देते? कोण, कुठले, हात धुतलेत का, काठी बाहेर ठेवा, असं काही विचारत कशी नाही? माझ्यासारखी बाई त्या गोठ्याच्या दारात असती तर एकही मेंढपाळ आत गेला नसता. हा विचार मनात आला आणि मी तिथेच अडकले, कारण तो फुशारकीने आला होता आणि दुसऱ्याच क्षणी त्याची लाज वाटली.

तेवढ्यात मी पाहिलं, भागाबाईंनी बाळाचा पाय कापडातून बाहेर ओढला आणि तळपायावर बोटाने जोरात मारलं. एकदा. पुन्हा. माझं भान गेलं. मी काचेवर दोन्ही हातांनी थापा मारायला लागले, ओरडायला लागले, मारतेय ती माझ्या नातीला, बघा, मारतेय. वॉचमन धावत आला, माझे हात धरले. बाकड्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. आत सिस्टर पळत आल्या. भागाबाईंनी एकदाही माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. पाठ चोळत होत्या, काहीतरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मग एक सिस्टर बाजूला झाली आणि मला बाळाचं तोंड दिसलं. रडत होतं.

सिस्टर बाहेर आली ती मला रागावलीच नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाली, ‘आजी, श्वास थांबला होता तिचा. यांनी बरोबर ओळखलं आणि लगेच टिचकी मारली. आता ठीक आहे.’

तीच टिचकी. मलाही तीच शिकवली होती, त्याच खुर्चीत बसवून. मला ती येत होती. तरी दुसऱ्याच्या हातून झाली तेव्हा मला मार दिसला. मी बाकड्यावर बसले आणि खूप रडले. आतापर्यंत एवढ्या बायकांच्या अंगावरून माझे हात फिरले, त्यांतल्या किती जणींकडे मी असंच पाहिलं असेल, कोण जाणे.

दुपारी भागाबाईंच्या नातवाला घरी सोडलं. मुलगा पिकअप घेऊन न्यायला आला होता. सून बाळाला घेऊन गाडीत बसली आणि भागाबाई काही निघेनात. जिन्यात मायलेकांचं बोलणं चाललं होतं, ते मला वरच्या पायरीवर ऐकू येत होतं. मुलाचं म्हणणं, थंडी वाढलीय, बागेत शेकोट्या पेटवून धूर करायला माणूस नाय, द्राक्षाचे मणी तडकले तर वर्षाचं पीक गेलं, आणि तू इथं परक्याचं पोर कवटाळून बसलीस. वर म्हणाला, ‘आई, ते किरिस्ताव हायेत. काय बरंवाईट झालं तर आपल्याच नावानं बोंब मारतील.’

तो काही वाईट बोलत नव्हता. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, शब्दही जवळपास हेच. आणि त्या सकाळी मी बोंब मारलीच होती.

भागाबाई त्याला म्हणाल्या, ‘त्या पोरीला ठाऊक हाय का, ती कोण हाय ते?’

मुलाने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, बाप येईस्तोवरच हां. आणि निघून गेला. त्याच्या बागेत कमी पडलेलं ते माणूस माझ्या नातीला छातीशी धरून बसलं होतं, हे मला त्यानंतर कधीच विसरता आलं नाही.

त्या दुपारी बाकड्यावर बसून मला नाताळ जेवढा कळला तेवढा आतापर्यंतच्या एकाही उपासनेत कळला नव्हता. आपण म्हणतो, देवावर भार टाकावा, स्वतःला त्याच्या हाती सोपवावं. ते मला कधी जमलं नाही, मी तेवढ्या विश्वासाची नाही. पण नाताळात सोपवण्याचं काम आधी त्याने केलं. आपला एकुलता एक पुत्र त्याने एवढासा करून, मान न धरता येणारा करून, माणसांच्या हातात दिला. कुणाची झडती घेतली नाही. पुढे त्याच हातांनी त्याला क्रुसावर खिळलं, ते आपण वाचतो, आणि ते त्याला आधीच ठाऊक असणार. तरी दिला. मी नाइलाजाने दिलं आणि काचेतून पहारा केला. त्याने आपण होऊन दिलं. ज्याने आमच्यावर इतका भरवसा टाकला, त्याची मी जिन्यात उभी राहून उलटतपासणी घेत होते. मला त्या दिवशी प्रार्थना सुचली नाही. मी नुसती डोळे मिटून बसले, आणि या वेळी कुणी पाहतंय का याची फिकीर केली नाही.

नंतरचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी करुणाने डोळे उघडले. औषधांनी उघडले असं डॉक्टर म्हणाले आणि मी ते खोडून काढत नाही. आभार मात्र मी डॉक्टरांचे आणि देवाचे, दोघांचेही मानले. मग जावई आला, विमानातून उतरला तो थेट रुग्णालयात. भागाबाईंनी त्याला खुर्चीत बसवून बाळ त्याच्या छातीवर दिलं, मान कशी धरायची ते दाखवलं, आणि बाहेर येऊन पदराला हात पुसत म्हणाल्या, चला, आता बागेकडं बघते. मी त्यांचे दोन्ही हात धरले. खोकला ऐकल्यावर तुम्ही सांगितलंत, त्याबद्दल मनात राग धरला होता, पिशवी पाहिली, काचेवर थापा मारल्या, सगळं एका दमात बोलून गेले. त्या म्हणाल्या, ‘ताई, घरी मला एवढं निवांत कोण बसू देतंय?’ मी करंज्यांचा डबा त्यांच्या पिशवीत ठेवला. त्यांनी तो उघडून आत पाहिलं, हसल्या, आणि जिना उतरून गेल्या.

माझा संशय संपला असं मी म्हणणार नाही. भाजीवालीच्या काट्याकडे माझं लक्ष आजही असतं. पण माणूस समोर आला की मी आधी हात पुढे करते, बघायचं ते मग बघते. एवढंच शिकले, तेही उशिरा, आणि त्यासाठी देवाला मला जिन्यात अडवून ठेवावं लागलं.

खोकला पूर्ण गेल्यावर सिस्टरने मला आत घेतलं. बाळ थोडं भरलं होतं. तिला माझ्या छातीवर ठेवलं आणि वरून भागाबाईंच्या लुगड्याचा तो हिरवट तुकडा बांधला. मी तिच्या टाळूवर नाक टेकवलं. कितीही धुतलं, उकळलं, तरी त्या कापडातून हलकासा धुराचा वास येत होता, चुलीचा की बागेतल्या शेकोटीचा ते मला कळलं नाही, पण आमच्या घरचा नव्हता एवढं नक्की. परक्या घराचा वास माझ्या नातीच्या केसांना लागला होता. देवाचा पुत्र जगात आला तेव्हा त्याच्याही अंगाला असाच वास लागला असेल, गोठ्याचा, मेंढ्यांचा, कुणाकुणाच्या हातांचा. आणि त्याच्या पित्याने तो पुसून काढला नाही.

सिस्टरने विचारलं, ‘आजी, दुसरं कापड आलंय धुऊन. बदलू का?’

मी म्हटलं, ‘नको. यात ऊब आहे अजून.’